हाडाचं गिऱ्हाईक

मावळातल्या आंबीच्या महिपती वारिंगे यांनी स्वतःच्या डोक्याला हौसेने कधी फेटा बांधला नाही. त्यांच्या डोक्यावर असायची पांढरी टोपी, कडेला तेलाने पिवळी पडलेली. दुसऱ्यांची डोकी मात्र त्यांनी इतकी बांधली होती की आंबीपासून सुदुंबऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात कुणाचं डोकं केवढं, हे त्या माणसाच्या बायकोपेक्षा महिपतीभाऊंना जास्त ठाऊक होतं. मोठ्या पदावरची डोकी बहुतेक लहान निघतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण पुढच्या लग्नसराईत पुन्हा तीच डोकी बांधायची असत.

शेतात इंद्रायणी भात, गोठ्यात एक म्हैस आणि लग्नसराईत फेटे, असा त्यांचा संसार. खांद्यावर कापडाचा पिळा टाकून ते मांडवात शिरले की पोरं खुर्च्या ओढून रांगेत बसत. कापडाचं एक टोक ज्याचं त्याने दातात धरायचं, बाकी सगळं भाऊंच्या बोटांकडे. बांधून होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही, आणि गावातल्या काही माणसांना गप्प बघायला मिळावं म्हणून लोक मुद्दाम भोवती उभे राहत. पीळ घालत घालत बोटं डोक्याभोवती फिरायची, चुण्या पडत जायच्या, आणि शेवटी तुरा असा ताठ उभा राहायचा की खालच्या माणसालाही थोडं ताठ बसावं लागे.

लोणावळ्याच्या रिसॉर्टवरची लग्नं वेगळी. तिथे मुंबईच्या पाहुण्यांना दारातच अडवून गुलाबी फेटे बांधायचे. त्यांचे फोटो होत आणि अर्ध्या तासात तेच फेटे खुर्च्यांच्या पाठींवर लोंबत. एका पाहुण्याने फेट्याला हात पुसले, ते बघून भाऊ दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी चंपाबाई सांगत. खरं तर ते एक वेळच जेवले नव्हते.

या बोटांनी करोना ओसरल्यानंतर एका पावसाळ्यात संप केला. माणूस सकाळी उठायचा, बोटं उठायची नाहीत. मूठ वळेना, म्हशीची धार काढता येईना. ऊन वर आलं की हळूहळू सुटत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन्ही हातांची मधली पेरं सुजली, मनगटं गरम राहू लागली.

घरोघर वैद्य असतातच, पण भाऊंच्या शेजारी माऊली राहत होते. माऊलींचा धंदा जमिनीचे व्यवहार जुळवण्याचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी. करोनाच्या दिवसांत त्यांना मोबाइलवरून वैद्यकाचं पुष्कळ ज्ञान झालं होतं आणि साथ गेली तरी ते ज्ञान गेलं नव्हतं. त्यांनी भाऊंचा हात उलटासुलटा करून बघितला आणि इम्युनिटी कमी पडल्याचं सांगितलं. मग गुळवेल आली, निरगुडीचा पाला आला, कुणीतरी गरम वाळूत हात पुरायला सांगितले. चंपाबाईंनी सगळं मन लावून केलं. गुळवेलीचा काढा पिऊन भाऊंची बोटं होती तिथेच राहिली, फक्त तोंड कडू झालं.

शेवटी मुलीने, प्रेरणाने, सासरहून फोन करून करून आईवडिलांना तळेगावच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉक्टर माधवी या फक्त सांध्यांचे विकार बघायच्या. त्यांनी रक्त तपासून घेतलं, हातांचे फोटो काढले आणि ते उजेडावर धरले. बोटांच्या सांध्यांशी हाडाच्या कडेला बारीक खाचा पडल्या होत्या.

“उंदीर लागल्यावानी दिसतंय,” भाऊ म्हणाले.

“काका, आम्ही पण याला उंदराने कुरतडल्यासारखंच म्हणतो,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. पेशंटशी सोप्या मराठीत बोलावं असं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि आज ते जमेल अशी लक्षणं दिसत होती. त्या सांगू लागल्या की याला आमवात म्हणतात. अंगातली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच सांध्यांवर चालून येते. सांध्याचं अस्तर सुजतं. हाड एरवीही रोज थोडं मोडलं जातं आणि थोडं बांधलं जातं, त्याचा मेळ असतो. पण सुजलेल्या सांध्यातल्या लढाऊ पेशी सारखे निरोप सोडत राहतात आणि हाड मोडणाऱ्या पेशींना चेव येतो.

“त्या पेशींच्या अंगावर निरोप घेणारी जागा असते. रिसेप्टर. मराठीत त्याला...” डॉक्टर अडल्या. शाळेच्या पुस्तकातला शब्द आठवेना. “ग्राहक म्हणा. निरोप या ग्राहकाला येऊन चिकटला की ती पेशी हाड खायला लागते.”

“म्हंजी गिऱ्हाईक?”

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. “हो. तसंच समजा.”

भाऊंनी तसंच समजून घेतलं, आणि इतकं नीट समजून घेतलं की डॉक्टरांना नंतर फार जड गेलं.

आंबीच्या माणसाला गिऱ्हाईक हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. कंपन्या आल्यापासून तिथे बांधाला, खाचराला, ओढ्याच्या काठाला, सगळ्याला गिऱ्हाईक आलं होतं. सकाळी चहाला बसलेला माणूस पाऊसपाण्याआधी हेच विचारायचा की गिऱ्हाईक काय म्हणतंय. त्यामुळे भाऊंनी घरी येताना सगळा हिशोब मनाशी मांडला. सांध्यात शिरलेत ते एजंट. निरोप नेतात तेच. पलीकडे गिऱ्हाईक तयार बसलंय. आणि जातंय ते हाड, सातबारा न बघता, मालकाची सही न घेता.

“आता हाडाला बी गिऱ्हाईक?” माऊलींनी ऐकलं तेव्हा विचारलं. धंदा इतका आत गेलेला त्यांना माहीत नव्हता.

“व्हय. आन् एजंट बी हायेत,” भाऊ म्हणाले. माऊलींनी विषय बदलला.

गावाने मात्र या सगळ्यातला एकच भाग उचलला. महिपतीची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त झालीय. ज्या गावाने दोन वर्षं काढे पिऊन, वाफ घेऊन, हळदीचं दूध रिचवून इम्युनिटी मिळवायचा खटाटोप केला, त्या गावात एका माणसाच्या अंगात ती उतू चालली होती. लोक चहाच्या टपरीवर भाऊंकडे आदराने बघू लागले. एकाने त्यांचं रक्त गरजूंना द्यावं असं सुचवलं. दुसऱ्याने तुम्ही नेमकं खाता काय, असं बाजूला घेऊन विचारलं. भाऊंना कपाची कडी धरता येत नव्हती, ते दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पीत होते, आणि समोरची माणसं त्यांच्या ताकदीचं कौतुक करत होती. त्यांना थोडं बरंही वाटलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने ही शक्ती कमी होणार, हे ऐकून माऊली हळहळले. आलेली गोष्ट कमी कशाला करायची, असं त्यांचं एकूण आयुष्याबद्दलच मत होतं.

गोळी आठवड्यातून एकदाच होती. डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलं होतं की एक वार ठरवा, त्याच वारी घ्या, चुकूनही रोज घेऊ नका. अधूनमधून रक्त तपासायला या आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका. यातलं वार ठरवण्याचं काम चंपाबाईंनी ताबडतोब अंगावर घेतलं. बाकीचं त्यांच्या कानावरून गेलं.

वार सोमवार ठरला. आठवड्याला एकदा, ठरल्या वारी, न चुकता, म्हणजे काय असतं ते चंपाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी गोळी तबकात बेलाच्या पानावर ठेवली जाई. आरती झाली की भाऊंनी उजव्या हाताने ती उचलायची. सुरुवातीला बोटांना ती उचलता येत नसे, मग चंपाबाई तीर्थासारखी तळहातावर सोडत. उपाशीपोटी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून भाऊंचा उपास साबुदाण्याच्या खिचडीने भरपेट होऊ लागला.

गुण यायला वेळ लागला, पण आला. सूज उतरली. सकाळी मूठ अर्धी वळू लागली, मग पुरी. दिवाळीनंतरच्या लग्नांत भाऊंनी पुन्हा खांद्यावर पिळा टाकला. गावाने याचं श्रेय निम्मं महादेवाला आणि निम्मं प्रतिकारशक्तीला दिलं. गोळीच्या वाट्याला काही उरलं नाही.

आणि सोळावा सोमवार आला.

सोळा सोमवार झाले की उद्यापन करायचं असतं. चंपाबाईंनी गव्हाचा चुरमा केला, जोडपी जेवायला घातली, शेजारच्या बायकांना ओटीत नारळ दिले. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला भाऊंनी मूठ वळवून दाखवली. उरलेल्या गोळ्या निर्माल्याबरोबर इंद्रायणीत सोडाव्या का, असा प्रश्न निघाला. शेवटी त्या देवघरात उदबत्तीच्या पुड्यामागे ठेवल्या. पूर्ण झालेलं व्रत पुढे ओढणं बरं नव्हे, यावर पंगतीत कुणाचं दुमत नव्हतं.

भाऊ देवभोळे नव्हते. त्यांनी आपल्या परीने वेगळा विचार केला आणि त्याच जागी पोहोचले. चार महिने एजंट फिरकला नाही, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. आंबीत असं पुष्कळदा होतं. व्यवहार फिसकटला की मालक सुटतो. डॉक्टरांकडे जायची तारीख आली तेव्हा भाताची झोडणी चालू होती. पुढच्या तारखेला कुणाचं तरी लग्न होतं.

एजंट फिरकत नव्हते, कारण त्यांना दारात कुणीतरी अडवत होतं. ती गोळी होती, हे भाऊंच्या लक्षात आलं ते होळीच्या सुमारास, एका सकाळी दाराची कडी निघेना तेव्हा.

या वेळी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. उद्यापन झालेलं, जोडपी जेवून गेलेली, आता कुणाला काय सांगणार? शिवाय वैशाखात माऊलींच्या प्रज्ञेशचं लग्न होतं आणि नवरदेवाचा फेटा मीच बांधणार, असा शब्द भाऊंनी त्या पोराच्या बारशाला देऊन ठेवला होता. माऊलींच्या घरच्या लग्नात तालुका लोटणार होता. त्या मांडवात तुरा पडला असता, तर पुन्हा कुणी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसलं नसतं.

तळेगाव स्टेशनाजवळ इकबालचं कापडाचं दुकान आहे. दोघे एका वर्गातले. फेट्याचं कापड भाऊ तिथूनच घेत. त्या दिवशी ते गेले तर दुकानाच्या दर्शनी फळीवर थर्माकोलची डोकी मांडलेली आणि प्रत्येकावर शिवलेला, तयार फेटा. टोपीसारखा घालायचा, टोपीसारखा काढायचा.

“कुणासाठी?” भाऊंनी विचारलं.

इकबालने आधी चहा मागवला. मग सांगितलं की माऊलींनी पाहुण्यांसाठी सगळे तयारच घेतलेत. भाऊंनी मान हलवली. इतक्या पाहुण्यांना बांधत बसणं त्यांनाही पटत नव्हतं. चहा आला. भाऊंनी कप दोन तळव्यांत धरला. इकबाल बघत राहिला.

“आणि एक नवरदेवाचापण घेऊन ठेवलाय,” तो म्हणाला. “वेळेला असावा म्हणून.”

भाऊंनी एका थर्माकोलच्या डोक्यावरचा फेटा तळव्याने दाबून पाहिला.

“गोळी चालू आहे ना?”

भाऊंनी हळू आवाजात उद्यापनाचं सांगितलं. इकबालने चुरमा खाल्ला होता. पण तो कशाचा, हे त्याला आज कळत होतं.

“महिपती, माझ्या आईची बोटं शेवटी कशी झाली होती ते तू पाहिलंयस. घास मी भरवायचो. आमच्याकडे तेव्हा कुणाला ही गोळी माहीत नव्हती,” इकबाल म्हणाला. “तुला मिळाली, तर तू ती देवाला वाहून आलास?”

भाऊंनी चहा अर्धा ठेवला. इकबालने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून तो तसाच दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर माधवी रागावल्या नाहीत. त्यांनी नवा फोटो जुन्याशेजारी धरला. उजव्या हाताच्या दोन बोटांशी खाचा वाढल्या होत्या. भाऊंनी उद्यापनाची गोष्ट सांगितली, एजंट आणि गिऱ्हाइकाचीही सांगितली. डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. तसंच समजा, हे आपणच म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं असावं.

“गेलंय ते हाड परत येईल का, बाई?”

“नाही, काका. राहिलंय ते राखता येईल. त्यासाठी गोळी चालू राहायला हवी. बरं वाटलं तरी.”

गेलेली परत न्हाई, उरलेली राखायची. आंबीतल्या घरोघरी हे वाक्य ठाऊक होतं आणि घरोघरी ते जमीन गेल्यावरच कळलं होतं. भाऊंना आणखी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी चंपाबाईंना बरोबर बोलावलं. रक्ताचे रिपोर्ट पाहून गोळी पुन्हा सुरू करायची होती आणि या वेळी वार ठरवताना त्या स्वतः हजर राहणार होत्या. ज्याचं उद्यापन होत नाही असा वार हवा, एवढीच त्यांची अट होती. अट वाटली तेवढी सोपी नव्हती. मंगळवार मंगळागौरीचा, तिचंही उद्यापन असतं. बुधवारी बुध-बृहस्पतीची पूजा, पण ती श्रावणापुरतीच. गुरुवार मार्गशीर्षातला, त्याचं तर थाटाचं उद्यापन. शुक्रवारीही उद्यापन असतं, शिवाय त्या दिवशी आंबट चालत नाही. शनिवार मारुतीचा, पण साडेसाती संपली की लोक सोडतात. बाहेरची रांग वाढत होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“खंडोबाचा रविवार धरा,” चंपाबाई शेवटी म्हणाल्या. “त्यो धरला की धरला. जल्माचा आसतो. त्यो सोडायची कुणाची छाती न्हाई.”

डॉक्टरांनी कागदावर ठळक अक्षरात रविवार लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वैशाखापर्यंत सूज उतरली, पण ती दोन बोटं पुरती वळली नाहीत. ती आता हाताबरोबर फिरत होती, पाहुण्यासारखी, काम न करता.

माऊलींच्या घरचं लग्न महामार्गालगतच्या एका लॉन्सवर होतं. नवरदेवाच्या खोलीत माऊली तयार फेटा हातात घेऊनच उभे होते. ते प्रेमाने म्हणाले की भाऊ, तुमी ताण घेऊ नका, फकस्त आशीर्वाद द्या. भाऊंची मान खाली गेली. त्यांना वाचवलं ते व्हिडिओवाल्याने. त्याच्या यादीत फेटा बांधतानाचा शॉट होता, तोही संथ गतीचा. शिवलेला फेटा एका झटक्यात डोक्यावर जातो, त्याचा संथ शॉट निघत नाही. एखादा म्हातारा माणूस असेल तर उत्तमच, असं तो म्हणाला.

प्रज्ञेशने टोक दातात धरलं. भाऊंनी पीळ घातला. पहिला तुरा उभा राहिला आणि एका अंगाला निजला. व्हिडिओवाला खूश होता, तसाच राहू द्या म्हणाला, आता अशीच फॅशन आहे. भाऊंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळा फेटा उलगडला. दुसऱ्या वेळी चुण्या त्या दोन बोटांतून निसटल्या. गुरुजी दारात येऊन मुहूर्त टळतोय म्हणून सांगून गेले. माऊलींचा हात तयार फेट्याकडे गेला.

बाहेर माइकवर सत्कार चालू होते. तालुक्याचे, जिल्ह्याचे, माजी, भावी, सगळे पुढारी नवदाम्पत्याला शुभेच्छा देता देता आपापल्या विरोधकांची हजेरी घेत होते. भाऊंनी चंपाबाईंना जवळ बोलावलं आणि कापडाची ताणलेली बाजू त्यांच्या हातात दिली. चुण्या त्यांनी आता बोटांत धरल्या नाहीत. डाव्या अंगठ्याखाली दाबल्या आणि वर उजव्या मनगटाची कड टेकवली. असा फेटा त्यांनी कधी बांधला नव्हता, कुणाला बांधताना पाहिलाही नव्हता. एकेक चुणी पडत होती, पण फार सावकाश.

तेवढ्यात माइक थांबला. टाळ्या झाल्या. बाहेर गुरुजींनी घसा साफ केल्याचं ऐकू आलं. अजून चार चुण्या आणि तुरा बाकी होता.

“माऊली,” भाऊ डोकं वर न करता म्हणाले, “आजून एखादा पुढारी ऱ्हायला आसंल, तर बोलू दे की.”

माऊलींनी हातातल्या तयार फेट्याकडे पाहिलं, पोराच्या डोक्याकडे पाहिलं आणि ते बाहेर गेले. पुढारी उरला नाही, असं मावळात होत नाही. मिनिटभरातच माइक पुन्हा सुरू झाला. कुणीतरी वेळेअभावी दोनच शब्द बोलतो म्हणाला आणि पाण्याच्या प्रश्नाला हात घातला.

भाऊंनी तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. तुरा ताठ होता. बाहेर अजून पाण्याचाच प्रश्न चालू होता. त्यांनी खुर्ची ओढली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्या पुढाऱ्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.